दुनळी सुटी करण्याआधी

प्रिय मित्रा,

हाती आलेली ट्रोजन, म्हणजे पार्कर या जुन्या अमेरिकी कंपनीची साध्या श्रेणीची दुनळी बंदूक, सुटी करून विकली तर जास्त पैसे येतील, हा तुझा हिशेब चुकीचा नाही. अशी जुनी दुनळी अखंड घेणारं गिऱ्हाईक घासाघीस करतं; तिच्याच नळ्या, दस्ता, घोडे आणि स्प्रिंगा मात्र लोक शोधत असतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात रिसीव्हर, म्हणजे नळ्या आणि दस्ता जिला जोडलेले असतात ती मधली लोखंडी चौकट, हीच बंदूक, त्यामुळे बाकीचे भाग विकायला फारशी आडकाठीही नाही. तरी माझं ऐक, ती सुटी करू नकोस.

आधी तिच्याकडे नीट बघ. फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढच्या हाताने धरायचा लाकडी भाग, काढ, नळ्या उतरव. ॲक्शनच्या, म्हणजे त्याच मधल्या लोखंडी चौकटीच्या, सपाट भागावर जो क्रमांक आहे, तोच नळ्यांखालच्या खुंटीवर आणि फोरएंडच्या लोखंडावर आहे का ते तपास. मग स्क्रू पाहा. त्यांच्या खाचा नळीच्या रेषेत असतील आणि कडा कुरतडलेल्या नसतील, तर आत सहसा कोणी हात घातलेला नाही असं समज. अशी बंदूक आता क्वचित मिळते.

या दुनळ्यांचे सांधे हाताने जुळवलेले असत. धातूला काजळी लावायची, बंदूक मिटायची, जिथे डाग उमटेल तेवढंच कानसीने घासायचं, की पुन्हा काजळी. दस्तासुद्धा त्याच ॲक्शनसाठी कोरलेला. म्हणून एका ट्रोजनच्या नळ्या दुसरीवर सरळ बसत नाहीत. एकतर बंदूक मिटत नाही, नाहीतर सांधा हलतो. रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने १९३४ साली पार्कर विकत घेतली आणि १९४२च्या सुमारास जुनं उत्पादन थांबलं. तोवर क्रमांक २ लाख ४२ हजारांच्या पुढे गेले होते. कारखान्याच्या काही नोंदवह्या अजून शिल्लक आहेत. क्रमांकावरून मूळ मागणीची नोंद सापडू शकते. भाग पांगले, की ती नोंद कोणत्याच बंदुकीची राहत नाही.

सुट्या भागांची गरज खोटी नाही, हेही मी मान्य करतो. मोडलेल्या घोड्यासाठी अडलेली चांगली बंदूक कुठूनतरी जगायलाच हवी. पण त्यासाठी आधीच मेलेल्या बंदुका आहेत: नळी फाटलेली, ॲक्शनला तडा गेलेला. त्या खुशाल सुट्या कर. फक्त प्रत्येक भागाला मूळ क्रमांकाची चिठ्ठी बांध आणि घेणाऱ्याला तो कुठून आला ते सांग. आगीत सापडलेल्या बंदुकीचं लोखंड मात्र कुणालाही देऊ नकोस. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, बाहेरून ते दिसत नाही, आणि धोका नव्या मालकाच्या चेहऱ्याजवळ जाऊन बसतो.

तुझ्या ट्रोजनच्या दस्त्याला ॲक्शनमागे तडा आहे, एवढ्यावरून तिला मेलेली ठरवू नकोस. वर्षानुवर्षं तेल मुरून तिथलं लाकूड मऊ पडतं, हा जुन्या दुनळ्यांचा नेहमीचा आजार. तेल ओढून काढून जाणता कारागीर तो तडा चिकटवून देतो. मात्र दस्ता उतरवायला साधा पाना-पेचकस वापरू नकोस. खाचेत घट्ट बसेल असं घासलेलं पातं हवं, आणि ते नसेल तर कारागिरालाच उतरवू दे. तोवर बंदूक नळ्यांची तोंडं खाली करून ठेव, म्हणजे आणखी तेल लाकडात उतरणार नाही.

तुझा,
जुना स्नेही