विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला महिनाच उरलाय; छोट्या कॉलेजने तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे, कॉलेज तालुक्याच्या गावचं, सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून सगळं तुमच्या गळ्यात आलंय, तर सुरुवात कुठून करायची आणि गाडी नेमकी कुठे अडते?

सुरुवात कागदांपासून करा, तालमी त्यानंतर. अशा महोत्सवात छोट्या कॉलेजचे संघ गुणवत्तेत कमी पडतात त्यापेक्षा जास्त वेळा कागदांत आणि घड्याळात अडकतात. विद्यार्थी विकास विभागाचं परिपत्रक आणि नियमावली छापून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. बहुतेक विद्यापीठांची नियमावली भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांवर बेतलेली असते. इथे निवडलेली मुलं पुढे राज्यस्तरावर 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठ महोत्सवाला आणि विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवाला जातात, त्यामुळे नियम जुळते ठेवावे लागतात. खाली दिलेल्या वेळा त्याच चौकटीतल्या आहेत. तुमच्या परिपत्रकात वेगळं काही असेल तर परिपत्रकच ग्राह्य धरा.

पात्रता आधी तपासा. विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा हवा आणि वय १ जुलै रोजी २५ पेक्षा कमी हवं. गेल्या वर्षी पास झालेला ढोलकीवाला 'आपलाच आहे' म्हणून यादीत घुसवला, तर पडताळणीच्या टेबलावर एकट्या त्याचं नाव उडत नाही, अख्खं लोकनृत्य धोक्यात येतं. साथीदार बाहेरचा चालतो की विद्यार्थीच लागतो, हे कलाप्रकारागणिक बदलतं. ते विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवा. प्रत्येकाचं ओळखपत्र, बोनाफाईड, फोटो आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची यादी एका फाईलमध्ये लावा, दुसरा संच झेरॉक्सचा. संघात मुली असतील तर महिला संघव्यवस्थापक लागतात, तेव्हा मॅडमची रजा आजच मंजूर करून घ्या.

मग ठरवा कशात उतरायचं. सगळ्यात नावं देण्याचा मोह आवरा. तीच दहा-बारा मुलं नाटकात, समूहगानात आणि नृत्यात असतात, आणि महोत्सवात चार मंच एकाच वेळी चालतात. मोठा कागद घ्या, आडव्या ओळीत स्पर्धा आणि उभ्या रकान्यात विद्यार्थी लिहा. ज्याच्या नावापुढे तीनपेक्षा जास्त खुणा होतील त्याला कमी करा. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या कॉलेजने एकच मोठी समूहस्पर्धा धरावी, एकांकिका किंवा लोकनृत्य, आणि उरलेली ताकद ललितकलांत लावावी. स्थळचित्र, कोलाज, पोस्टर, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी यांना हॉल लागत नाही, वादक लागत नाहीत, भाड्याचे कपडे लागत नाहीत. पण सर्वसाधारण विजेतेपदासाठी त्यांचे गुण मोजले जातात. मोठी कॉलेजंही इकडे दुर्लक्ष करतात, त्याचा फायदा घ्या.

आता घड्याळ. एकांकिकेला ३० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९ कलाकार. नेपथ्य लावायला आणि काढायला वेगळा, मोजका वेळ मिळतो. स्किट १० मिनिटं, ६ जण. मूकनाट्य ५ मिनिटं, ६ जण. नक्कल ५ मिनिटं. लोकनृत्य १० मिनिटांपर्यंत, १० नर्तक. भारतीय समूहगान ६ गायक, १० मिनिटं. सुगम गायन ४ ते ६ मिनिटं, त्यात चित्रपटगीत चालत नाही. भावगीत, गझल, भजन, अभंग चालतात. दरवर्षी कुणीतरी सिनेमातला अभंग निवडून फसतं. गाण्याचा उगम आधी शोधा.

स्किट तालमीत साडेआठ मिनिटांत संपलं पाहिजे. तालमीला बघणारं कुणी नसतं, महोत्सवात सभागृह भरलेलं असतं, आणि हशा पिकला की नटाला थांबावं लागतं. असे सात-आठ थांबे झाले की मिनिट सहज जातं. वेळ संपल्याची घंटा शेवटच्या वाक्याआधी वाजली, तर ज्याच्यासाठी स्किट लिहिलं तोच भाग हरवतो. मूकनाट्यात हशाचा प्रश्न कमी, तिथे गोष्टच जास्त होते. पाच मिनिटांत एक प्रसंग आणि एक वळण मावतं. भ्रूणहत्या, हुंडा, प्रदूषण आणि मोबाईल असं सगळं एकत्र कोंबलं की परीक्षकाला एकही चित्र लक्षात राहत नाही.

एकांकिका करणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी याच आठवड्यात मागा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. महोत्सवात ते मागितलं, तर ऐनवेळी मिळत नाही. नेपथ्य असं ठेवा की चार मुलं पाच मिनिटांत लावतील. दोन मोडे (लाकडी ठोकळे), एक चौकट, एक कापड यांतून चांगली एकांकिका उभी राहते.

लोकनृत्यात गुण जातात ते सरमिसळीमुळे. कोळीनृत्याच्या मध्येच लावणीची अदा, शेवटी लेझीम, असं 'महाराष्ट्र दर्शन' गॅदरिंगला टाळ्या घेतं; इथे परीक्षक त्या एका नृत्याची चाल, वाद्य आणि पेहराव बघतात. आसपास गोंधळी, धनगरी गजाचं मंडळ किंवा तारपा वाजवणारे असतील तर आठवडाभर त्यांच्याकडे शिकायला जा. नृत्याची माहिती आणि गाण्याचे शब्द टाइप करून तीन प्रती तयार ठेवा, परीक्षकांना द्याव्या लागतात. रेकॉर्डेड संगीत चालतं का, हे विचारल्याशिवाय नृत्य बसवायला घेऊ नका. वाद्यांचं म्हणाल तर परतीच्या पावसाच्या दमट हवेत हलगीचं चामडं सैल पडतं आणि आवाज बद्द येतो. मंचावर जायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ती शेकावी लागते, आणि सभागृहाच्या आवारात जाळ करू देत नाहीत. जागा आणि परवानगी आधी बघून ठेवा. नवरात्रही याच सुमारास येतं. नर्तकांपैकी कोण गरब्याला जाणार आहे ते आत्ताच विचारा, नाहीतर नऊ दिवस तालमीला पाचच जण दिसतील.

रांगोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण घरी सुंदर रांगोळी काढणारी मुलगी इथे हमखास वेळेत अडकते. वेळ अडीच तास, विषय जागेवर मिळतो, साहित्य स्वतःचं. पहिली वीस मिनिटं खडूने आराखडा आणि मोजमाप. मग मधला भाग आधी, कडा शेवटी. मध्ये नंतर हात घालायला गेलात तर पुरी झालेली कड गुडघ्याने किंवा ओढणीने पुसते. व्यक्तिचित्र असेल तर लेक कलर (रंगाची पूड) पांढऱ्या रांगोळीत मिसळून त्वचेच्या चार-पाच छटा घरीच करून आणा आणि डब्यांवर आकडे टाका. तिथे बसून मिसळलेली छटा संपली की पुन्हा तशीच जमत नाही. चहाची गाळणी छायेसाठी, चिमूट रेषेसाठी. फरशी गुळगुळीत असेल तर रांगोळी सरकते, म्हणून आधी पातळ थर चाळून घ्या. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. शेवटची पंधरा मिनिटं फक्त कडा साफ करायला आणि पार्श्वभूमी एकसारखी करायला ठेवा. सरावात पर्यावरण, सण, स्त्री, शेतकरी, खेळ अशा विषयांवर प्रत्येकी एक रचना पक्की असेल, तर विषय कोणताही येवो, काहीतरी वळवून घेता येतं.

छायाचित्रणात उतरत असाल तर मेमरी कार्ड आयोजकांसमोर रिकामं करून घेतात आणि संगणकावर फोटो सुधारता येत नाहीत. तेव्हा उजेड कॅमेऱ्यातच सांभाळायची सवय करा.

आदल्या दिवशी रंगीत तालीम पूर्ण पेहरावात आणि घड्याळ लावून घ्या. संगीताची फाईल दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, फाईलच्या नावात कॉलेज आणि चेस्ट नंबर लिहा, ध्वनीवाल्या माणसाजवळ आपला एक विद्यार्थी उभा करा. हजेरीला संघव्यवस्थापकांनी स्वतः जावं आणि सादरीकरणाचा क्रमांक लगेच सगळ्यांना कळवावा. पहिल्या तीनांत सादर करायची पाळी आली तर जेवण नंतर. एखाद्या निर्णयावर आक्षेप असेल तर तो विद्यार्थ्यांनी मंचासमोर मांडू नये. नियमावलीत दिलेल्या मुदतीत, संघव्यवस्थापकांच्या सहीने, लेखी द्यावा. मुदत उलटली की तो कुणी वाचतही नाही.