अकरा गाठींची दोरी

वाचक विचारतात. या वेळी उत्तरं देत आहेत गोव्यातल्या दिवाडी बेटावर होड्या बांधण्यात आयुष्य घालवलेले एक मेस्त, म्हणजे सुतार.

*मेस्तकाका, माझं माहेर दिवाडीचं. लग्न होऊन मी डिचोलीला आले. आजोबा होड्या बांधायचे एवढंच ऐकून आहे. मी पाच वर्षांची असताना ते गेले. आता घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावर त्यांची पेटी मिळाली. आत लाकूड तासायची वाकस, दोन पटाश्या, भोकं पाडायचा सामता, ठोकायची लाकडी मोगरी आणि काथ्याची एक दोरी. दोरीला अकरा गाठी आहेत, पण त्या सारख्या अंतरावर नाहीत. ही दोरी कसली? दुसरं असं की माझा मुलगा फायबरच्या बोटींच्या यार्डात कामाला आहे. तो म्हणतो, “मी पणजोबांचाच धंदा चालवतो.” माझा भाऊ यावर हसतो. कोणाचं खरं?*
*एक वाचक, डिचोली*

ताई, आधी एक सांगतो. ती दोरी धुऊ नका. घर दुरुस्तीत सापडलेली वस्तू म्हणजे आपल्या बायका पहिल्यांदा बादलीत बुडवतात, आमच्या घरातही तेच. काथा भिजला की आखडतो आणि मग गाठींचा हिशेब गेला.

त्या दोरीत तुमच्या आजोबांची होडी आहे. आमच्याकडे अशा तीन दोऱ्या खुंटीला असायच्या. बाबा त्यांना सूत म्हणत. एक लहान होडीचं, एक रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या होडीचं, एक रेती वाहणाऱ्या मोठ्या होडीचं. कागदावर होडी काढणारा माणूस मी पाहिला तो पस्तिशी उलटल्यावर. पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत पठाणाची लांबी, म्हणजे होडीच्या कण्याची. मधल्या गाठी वांक कुठे बसवायचे ते सांगतात. वांक म्हणजे होडीच्या बरगड्या. पोट जिथे सगळ्यात रुंद तिथे आमच्या सुताला दुहेरी गाठ असे. रुंदी घ्यायला तेच सूत घडी घालून धरायचं. प्रत्येक घराच्या गाठी वेगळ्या, शेजाऱ्याला वाचता येऊ नयेत म्हणूनसुद्धा. कोरड्या जमिनीवर दोरी ताणा, शेजारी टेप ठेवा, अंतरं वहीत उतरवा. दुहेरी गाठ दिसते का पाहा. दिसली तर मला कळवा, मी डिचोलीला येईन. बसचा खर्च माझा.

मोगरीचा दांडा हुंगून पाहिलात? काजूच्या टरफलाच्या तेलाचा वास अजून असेल. ते तेल हाताची साल काढतं, पण लाकडाला किड्यापासून वाचवतं. मला अकराव्या वर्षी पहिलं काम मिळालं ते वाकस चालवायचं नव्हे. मांडीवर कापूस वळून वात करायची आणि बाबांच्या हातात द्यायची. ती वात फळ्यांच्या फटीत बोथट पटाशीने ठोसायची, याला आम्ही कलाफत म्हणतो, शब्द पोर्तुगिजांचा. ठोसून झालं की बाबा डोळे मिटून मोगरीने फळीवर टकटक करत जात. फट भरली असेल तर आवाज बंद येतो, राहिली असेल तर पोकळ. ते थांबले की मी समजायचो, वात कमी पडली, आणि कान लाल व्हायचे, कारण पुढची टकटक माझ्या डोक्यावर.

फळ्या सागाच्या, वांकांना फणसाची आपसूक वाकलेली फांदी. सरळ लाकूड कापून बाक काढला तर रेषा तुटते आणि लाटेला तिथेच चीर जाते. म्हणून माझे आजोबा दुसऱ्याच्या बागेत फणस पाहत हिंडायचे आणि लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला फणस खायचाय.

होडी पाण्यात सोडायची ती पौर्णिमेला किंवा अमावास्येला, उधाणाच्या भरतीला. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ आम्ही फोडायचो. मालक ख्रिश्चन असला तर पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडायचे. दोन्ही झाल्याशिवाय तारी, म्हणजे होडी चालवणारा, पाय ठेवत नसे, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

५ जुलै १९८६ तुम्हाला आठवत असेल, पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. त्या पावसात आमच्या अंगणात दुरुस्तीच्या होड्या एकीवर एक आल्या. फेरीबोटी पुरेनात, ज्याच्याकडे जे तरंगतं ते बाहेर काढलं जात होतं. बाबा कंदील लावून रात्री कलाफत करत. पुन्हा कधी इतकं काम आलं नाही. नंतर फायबर आलं. हलकं, रंगरंगोटी नको, दरवर्षी तेल नको. माझी शेवटची होडी मालकाने अर्ध्यावर सोडली आणि फायबरची आणली. आगाऊ दिलेले पैसेही परत मागितले, नाव सांगत नाही. त्या अर्ध्या होडीत आमच्या कोंबड्यांनी चार वर्षं अंडी घातली. मी बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग शिकलो.

म्हणून तुमच्या भावाचं हसू मला कळतं. मीही हसायचो. मग आमच्याच बेटावर ‘म्हादेई’ बांधली. नौदलाची शिडाची नौका, ५६ फुटी. कॅप्टन दिलीप दोंदे तिच्यातून एकटे जगाला फेरी मारून २०१० च्या मे महिन्यात परत आले. बांधताना मी चोरून पाहायला गेलो होतो. वरून फायबर, पण आत सीडर लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवलेल्या. म्हणजे आत लाकूडच. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आपण उगाच रागावलो.

२०२५ मध्ये नौदलात आलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका काथ्याने शिवलेली, खिळा नसलेली, तीही गोव्यात बांधली. पण शिवायला कारागीर केरळहून आले. ते मला बोचलं, खोटं कशाला बोलू?

आता मुलाला एक प्रश्न विचारा. फायबरच्या बोटी साच्यातून निघतात. साचा ज्या पहिल्या रूपावर घेतात ते हाताने घडवावं लागतं, बहुतेक लाकडातच. तिथे डोळा लागतो, पोट कुठे फुगायचं आणि नाळ किती उचलायची याचा. ते रूप तुमच्या मुलाने केलं असेल किंवा करायला शिकत असेल, तर तो पणजोबांच्या धंद्यात आहे, भावाला सांगा. नुसती काचतंतूंची चटई साच्यात अंथरून राळ लावत असेल, तर ती चांगली नोकरी आहे, पोट भरतं, त्यात लाज नाही. मात्र दोरी त्याच्या हातात एकदा द्या. पाहू तो काय करतो.

*अंगणात वीस वर्षं ठेवलेली लाकडी होडी पाण्यात घालायची आहे. फटींतून उजेड दिसतो. सिमेंट भरू की फायबर मारू?*
*एक वाचक, चोडण*

दोन्ही नको. कोरडं लाकूड आकसलंय, तुम्ही आत्ता फट भरली तर ते फुगल्यावर भरलेलंच बाहेर ढकलेल, नाही तर फळी सोडवेल. आधी खाडीच्या उथळ पाण्यात होडी बुडवून आठवडाभर ठेवा, वर दगड ठेवा, नाही तर ती तरंगेल आणि शेजाऱ्याच्या घराकडे जाईल. बऱ्याच फटी आपोआप मिटतील. राहतील तेवढ्याच जागी जुना कापूस काढून नवा ठोसा. मात्र पठाणाच्या दोन्ही टोकांत बोट आत गेलं, लाकूड खव्यासारखं लागलं, तर ती होडी अंगणातच राहू दे. त्यात फुलझाडं लावा, पोरं चढतील.