‘किमान एक’ असे विचारले की पूरक घटनेकडे का वळावे?

एक फासा चार वेळा टाकला, तर किमान एकदा ६ येण्याची संभाव्यता १/६ ची चार वेळा बेरीज करून ४/६ का म्हणू नये, असे आपण विचारले आहे. याच रीतीने सात वेळांचा हिशेब केला तर उत्तर ७/६ येईल, आणि संभाव्यता १ पेक्षा मोठी असूच शकत नाही. ज्या निकालात ६ दोनदा किंवा तीनदा येतो, तो बेरजेत तितक्याच वेळा मोजला जातो, हे त्याचे कारण आहे. ‘एकदाही ६ नाही’ या पूरक घटनेत, म्हणजे मूळ घटना न घडण्याच्या घटनेत, मात्र अशी सरमिसळ होत नाही. चारही वेळा दुसराच अंक यावा लागतो, म्हणून तिची संभाव्यता ५/६ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८ उरते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. दोन नाणी टाकली असता ‘किमान एक छापा’ याची पूरक घटना ‘किमान एक काटा’ अशी मुले हमखास लिहितात. पण एक छापा आणि एक काटा पडला तर दोन्ही घटना एकदमच घडतात, म्हणून त्या पूरक नव्हेत. पूरक घटना ‘एकही छापा नाही’ हीच.

आमच्याकडे कपाशी टोबताना एका जागी दोन बिया टाकतात, त्याचे गणितही हेच आहे. उगवणक्षमता ७५ टक्के धरली, तर दोन्ही बिया न उगवण्याची संभाव्यता १/४ × १/४ = १/१६, आणि किमान एक उगवण्याची १५/१६. म्हणजे हजार जागांमागे सरासरी ६२-६३ नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, भराव्या लागतील. एकेकच बी टाकले असते तर २५०.

हा गुणाकार मात्र दोन्ही बियांचे उगवणे परस्परांवर अवलंबून नाही असे मानूनच करता येतो, आणि वावरात ते नेहमी खरे नसते. टोबणीनंतर जोराचा पाऊस येऊन काळ्या जमिनीवर पापुद्रा धरला, तर एकाच जागेवरच्या दोन्ही बिया एकाच कारणाने अडकतात. अशा वेळी १ मधून वजा करण्याची रीत बरोबरच राहते, पण वजा करायची संख्या १/१६ पेक्षा मोठी असते आणि ती वावरातल्या रिकाम्या जागा मोजूनच काढावी लागते.