120 रुपये भरा, 60 हजारांचा हप्ता थांबवा

वाचकाचा प्रश्न: वडील 63 वर्षांचे, मधुमेही. कारखान्यात पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जायची. निवृत्तीनंतर दरवर्षी 120 रुपये भरून आई-वडिलांचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवले. पुढच्या महिन्यात मुदत संपते. तिथे रांगा फार. शिवाय आता वर्षाला 60 हजारांची मेडिकल पॉलिसी आहे, तीन हप्ते भरलेत. ईएसआय सोडून द्यावी का? पॉलिसीची पाने जोडली आहेत.

उत्तर: अजिबात सोडू नका. निदान पाच वर्षे ईएसआयमध्ये राहून निवृत्त झालेल्याला पती-पत्नी दोघांसाठी 120 रुपयांत वर्षभर उपचार मिळतात. मागची पावती घेऊन याच आठवड्यात शाखा कार्यालयात पैसे भरून या, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. ती पॉलिसी मेडिकल नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांवर स्पष्ट ‘युलिप’ लिहिलंय. म्हणजे जीवन विमा आणि गुंतवणूक एकत्र: वडिलांचा मृत्यू झाला तर 4 लाख 20 हजारांचं विमा संरक्षण, बाकी पैसा बाजारात. रुग्णालयाचं एक रुपयाचं बिलही ती भरणार नाही. ‘आजारपणात काढता येतील’ असं एजंट म्हणाला असेल, पण पाच वर्षं त्यातून काहीच काढता येत नाही. म्हणजे 1 लाख 80 हजार भरूनही घरात आजारपणासाठी ईएसआयशिवाय काहीच नाही, आणि तीच तुम्ही बंद करायला निघाला होता! निवृत्त, मधुमेही माणसाला आरोग्य विमा म्हणून युलिप विकणं ही सरळ फसवणूक आहे.

खरं नुकसान पैशांपेक्षा वेळेचं आहे. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. तेव्हाच खरी पॉलिसी घेतली असती, तर मधुमेहाची ही मुदत आता संपत आली असती. आता ती पहिल्या दिवसापासून मोजायची.

चौथा हप्ता भरू नका. चौथ्या वर्षी हप्ते थांबवल्याचं शुल्क 2 हजारांवर जात नाही. उरलेली रक्कम वेगळ्या निधीत राहील, त्यावर किमान 4 टक्के व्याज मिळेल आणि पाच वर्षं पूर्ण झाली की हातात येईल. जीवन विमा जाईल, जाऊ द्या. वडिलांच्या कमाईवर आता कोणी अवलंबून नाही. फंड वर जाईल म्हणून आणखी 1 लाख 20 हजार घालण्याचा मोह नको. कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद नाही मिळाली तर विमा लोकपालांकडे जा.

वाचलेल्या 60 हजारांतून दोघांसाठी साधा आरोग्य विमा घ्या. अर्जात मधुमेह लिहा, एजंट ‘नको’ म्हणाला तरी. लपवलात, तर नेमका दावा करताना तोच आडवा येईल. रेशनकार्ड आहे ना? मग महात्मा फुले योजनेचीही चौकशी करून ठेवा. ठरलेल्या उपचारांना ठरलेल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. नवी पॉलिसी हातात आली तरी ईएसआयचे 120 रुपये दरवर्षी भरत राहा, कारण मधुमेहाची रोजची औषधं तिथूनच मिळणार आहेत.