हार्टफर्ड व्हेलर्स: बंद पडला, बस्तान हलवलं की नामशेष झाला?

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी त्या हार्टफर्ड व्हेलर्स या जुन्या व्यावसायिक आइस हॉकी टीमवर लेख लिहितायत, आणि 'बंद पडलेला संघ' लिहायचं, 'विसर्जित संघ' लिहायचं की 'नामशेष' लिहायचं यावर त्यांच्या घरातच दोन मतं पडलीत. जोडीला छोटा प्रश्न असा की व्हेलर्स जिंकला, जिंकली की जिंकले?

मला स्वतःला 'बंद पडला' इथे खटकतं. बंद पडते गिरणी, शाळा, घड्याळ, म्हणजे जी गोष्ट चालू होती ती आहे त्या जागी थांबते आणि मग ती कुठेच चालू नसते. व्हेलर्सचं तसं झालेलं नाही, आणि नेमकं काय झालं ते बघितल्याशिवाय शब्द ठरवता येणार नाही, म्हणून आधी इतिहास सांगतो, थोडा लांबेल.

पण त्याआधी 'संघ' आणि 'फ्रँचायझी' यातला फरक. संघ म्हणजे खेळणारी माणसं आणि त्यांच्यामागे उभं राहणारं शहर, निदान आपण तरी तो शब्द असाच वापरतो. फ्रँचायझी म्हणजे लीगने मालकाला दिलेला हक्क, की आमच्या स्पर्धेत तुमची एक टीम खेळेल. रेशन दुकानाचा परवाना असतो ना, दुकान या गल्लीतून त्या गल्लीत गेलं, पाटी बदलली, तरी परवाना तोच, तसं. मराठीत हा शब्द आपल्याला २००८ नंतर आयपीएलमुळे सरावाचा झाला आणि आता त्याला प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तर व्हेलर्सची सुरुवात हार्टफर्डला नाही, बोस्टनला झाली. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल, तिला टक्कर द्यायला १९७२ साली डब्ल्यूएचए नावाची नवी लीग उभी राहिली, आणि तिच्यात न्यू इंग्लंड व्हेलर्स ही टीम होती. हे नाव प्रशिक्षक जॅक केली यांच्या पत्नी जिनी केली यांनी सुचवलं. न्यू इंग्लंड म्हणजे बोस्टन, हार्टफर्ड वगैरे ज्यात येतात तो अमेरिकेचा ईशान्य भाग, त्या किनाऱ्यावर न्यू बेडफर्ड, नँटकेट अशा बंदरांतून एके काळी देवमाशांच्या शिकारीला जहाजं निघायची, ते शिकारी म्हणजे व्हेलर, आणि शिवाय इंग्रजी स्पेलिंगची पहिली तीन अक्षरं डब्ल्यू, एच, ए, म्हणजे लीगचंच नाव! पहिल्याच सीझनला, १९७३ मध्ये, त्यांनी लीगची अव्हको ट्रॉफी जिंकली. पण बोस्टनमध्ये एनएचएलचे ब्रुइन्स आधीच होते, त्यांच्यासमोर प्रेक्षक मिळवणं जड गेलं, मग काही काळ वेस्ट स्प्रिंगफील्डला खेळून जानेवारी १९७५ मध्ये टीम हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटर या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये आली. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं शहर, कनेक्टिकट नदीकाठचं, समुद्र तिथून लांब, तरी देवमासा तिथलाच होऊन गेला.

आणि मग तीन वर्षांनी छत कोसळलं. अक्षरशः. १८ जानेवारी १९७८च्या पहाटे बर्फाच्या वजनाने सिव्हिक सेंटरचं अवाढव्य छत खाली आलं, काही तासांपूर्वीच तिथे कॉलेजची बास्केटबॉल मॅच होऊन हजारो लोक घरी गेले होते, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. टीमने दोन वर्षं स्प्रिंगफील्डला मॅचेस खेळल्या आणि फेब्रुवारी १९८० मध्ये दुरुस्त झालेल्या इमारतीत परत आली. त्या काळात लोक हार्टफर्डहून गाड्या करून स्प्रिंगफील्डला जात. 'बंद पडली' म्हणायचंच तर ती इमारत बंद पडली होती, टीम नाही.

याच काळात गॉर्डी हाव या टीममध्ये होते, मार्क आणि मार्टी या आपल्या दोन मुलांबरोबर. आइस हॉकीतलं हे नाव केवढं मोठं ते हॉकी न बघणाऱ्यालाही एका गोष्टीवरून कळेल, १९७९-८० च्या सीझनला हा माणूस वयाची एक्कावन्न ओलांडून सगळ्याच्या सगळ्या ८० मॅचेस खेळला आणि १५ गोल मारले. बाप आणि मुलगे एकाच जर्सीत, बर्फावर, जगातल्या सगळ्यात दांडगट खेळांपैकी एकात. ताई, लेखात बाकी काही कापलंत तरी हे कापू नका.

आता १९७९. डब्ल्यूएचएने गाशा गुंडाळला. हा वाक्प्रचार मला फार आवडतो, गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर टाकायचं कापड, अरबी-फारसीच्या वाटेने आलेला शब्द, स्वार मुक्काम हलवताना तो गुंडाळणार. त्या लीगमधल्या चार टीम्स, एडमंटन ऑइलर्स, क्यूबेक नॉर्डिक्स, विनिपेग जेट्स आणि आपले व्हेलर्स, एनएचएलमध्ये गेल्या, आणि बर्मिंगहॅम बुल्स आणि सिनसिनाटी स्टिंगर्स या दोन टीम्सना गाशा गुंडाळण्याचे पैसे देण्यात आले. सगळे याला दोन लीगचं विलीनीकरण म्हणतात, पण एनएचएलने कागदावर त्याला विस्तारच मानलं, म्हणजे चार नव्या टीम्स घेतल्या असं, आणि डब्ल्यूएचएमधले रेकॉर्ड आपल्या हिशोबात धरले नाहीत. म्हणून लेखात 'विलीनीकरण' लिहायला हरकत नाही पण पुढे हे एक वाक्य जोडा. ब्रुइन्सच्या आग्रहामुळे 'न्यू इंग्लंड' नाव सोडावं लागलं, आणि तेव्हा ती हार्टफर्ड व्हेलर्स झाली.

त्याच वर्षी पीटर गुड या कनेक्टिकटच्याच डिझायनरने लोगो केला. खाली हिरवा डब्ल्यू, वर निळी देवमाशाची शेपटी, आणि दोघांच्या मधे जी पांढरी जागा उरते ना, तिच्यात हार्टफर्डचा एच. तो काढलेला नाहीच, तो उरलेला आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला शेपटी दिसते, मग डब्ल्यू दिसतो, आणि एच दिसायला कधी कधी अनेक वर्षं जातात, आणि एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो. पुढे हे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

खेळाच्या बाबतीत एनएचएलमधली अठरा वर्षं फार वैभवाची नव्हती. प्लेऑफची एकच मालिका जिंकली, १९८६ साली क्यूबेकविरुद्ध, ३-० अशी. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने सातव्या मॅचमध्ये, तेही ओव्हरटाइममध्ये हरवलं (आणि त्या वर्षीचा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदही मॉन्ट्रियलनेच नेलं). तरी हार्टफर्डने आपल्या टीमची मिरवणूक काढली! हरलेल्या टीमची मिरवणूक म्हणून बाहेरची लोकं याला हसतात, मला यात हसण्यासारखं काहीच वाटत नाही, ज्या शहराला बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या मधलं थांब्याचं गाव समजतात त्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी ही एकच मोठी टीम होती. पुढच्याच वर्षी त्यांनी डिव्हिजन जिंकली, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात पहिले आले. मग ४ मार्च १९९१ला रॉन फ्रान्सिसला पिट्सबर्गला देऊन टाकलं, सोबत उल्फ सॅम्युएल्सन आणि ग्रँट जेनिंग्ज. फ्रान्सिस म्हणजे १९८१ पासूनचा हार्टफर्डचा जीव की प्राण. पिट्सबर्गने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी असा लागोपाठ दोनदा स्टॅनले कप जिंकला, हार्टफर्डला मात्र १९९२ नंतर प्लेऑफ दिसलंच नाही.

१९९४ मध्ये पीटर कारमॅनोस मालक झाले. शहर लहान, अरीना लहान, खर्च वाढते. १९९६ मध्ये ११,००० सीझन तिकिटं खपवा नाहीतर जातो असं सांगण्यात आलं, 'सेव्ह द व्हेल' म्हणून मोहीम निघाली, आकडा गाठता आला नाही तरी टीम आणखी एक वर्ष राहिली. मग नव्या अरीनावरून राज्य सरकारशी बोलणी फिसकटली, मार्च १९९७ मध्ये जाणार असं जाहीर झालं, कुठे जाणार ते ठरायच्या आधीच, आणि करार एक वर्ष आधी मोडल्याबद्दल २ कोटी ५ लाख डॉलर भरायचं ठरलं. १३ एप्रिल १९९७ला शेवटची मॅच, टँपा बे लाइटनिंगविरुद्ध २-१ असा विजय, शेवटचा गोल कॅप्टन केविन डिनीनचा. मे महिन्यात ठरलं की नॉर्थ कॅरोलायना. नवं नाव कॅरोलायना हरिकेन्स, रंग बदलले, तिथल्या राली शहरातलं अरीना तयार नव्हतं म्हणून पहिले दोन सीझन ग्रीन्सबरोला काढले.

आता शब्द. फ्रँचायझी जिवंत आहे, २००६ला तिने स्टॅनले कपही जिंकला, तेव्हा ग्लेन वेस्ली हा हार्टफर्डपासूनचा खेळाडू टीममध्ये होता. म्हणून फ्रँचायझीबद्दल लिहिताना 'बस्तान हलवलं' लिहा, हे अगदी चपखल बसतं कारण बस्तान आधी बसवावं लागतं आणि हार्टफर्डला ते बावीस वर्षं बसलेलं होतं. 'स्थलांतर' बरोबर आहे पण सरकारी वाटतं, पक्ष्यांचं आणि कार्यालयांचं होतं ते. शहराच्या बाजूने बोलायचं असेल तर 'गाशा गुंडाळला', त्यात निघून जाणाऱ्यावरचा थोडा राग येतो, आणि तो इथे रास्त आहे. 'विसर्जित' नको, विसर्जित व्हायला कुणीतरी रीतसर ठराव करून संस्था संपवावी लागते, समिती, सभागृह, मंडळ. 'बरखास्त'ही नको, मूळ फारसी अर्थ 'उठला' असला (बैठक बरखास्त होते ती त्या अर्थाने) तरी आज मराठीत बरखास्त वरचा माणूस करतो, सरकार बरखास्त होतं तसं. 'अवसायनात निघाली' तर अजिबात नको, ते सहकारी बँका आणि साखर कारखान्यांचं.

आणि 'नामशेष'. हा शब्द आपण सर्रास 'पूर्ण नष्ट' अशा अर्थी वापरतो, डायनासोर नामशेष झाले, गिधाडं नामशेष व्हायच्या मार्गावर आहेत. पण फोड बघा: नाम आणि शेष, ज्याचं फक्त नाव उरलंय असा. कीर्तिशेष, स्मृतिशेष याच घरातले शब्द. व्हेलर्सबद्दल हा शब्द मूळ अर्थाने जितका खरा आहे तितका क्वचितच कुणाबद्दल असेल, कारण इथे परवाना गेला, खेळाडू गेले, आणि, लोगोतल्या त्या एचसारखं, मागे उरलं ते नावच, आणि ती शेपटी. ताईंनी लिहिलंय की हार्टफर्डला अजूनही माणसं त्या हिरव्या टोप्या घालून फिरतात, १९९७ नंतर जन्मलेली सुद्धा. १९९७ मध्येच तिथे वुल्फ पॅक नावाची दुय्यम लीगची टीम आली, २०१० मध्ये तिचं नाव बदलून कनेक्टिकट व्हेल केलं, २०१३ मध्ये परत वुल्फ पॅक. आणि २३ डिसेंबर २०१८ला हरिकेन्स स्वतः रालीला व्हेलर्सच्या हिरव्या जर्सीत उतरले, तेही ब्रुइन्सविरुद्ध, म्हणजे नाव विकायला चालतं पण शहर नको, हार्टफर्डच्या बऱ्याच जणांना ते झोंबलं आणि मला त्यांचं पटतं. तेव्हा 'हार्टफर्ड व्हेलर्स नामशेष झाले' जरूर लिहा, फक्त एका वाक्यात फोड द्या, नाहीतर वाचक डायनासोरच समजणार.

मग खरंच 'बंद पडला' कुणाला म्हणायचं? मॉन्ट्रियल मरून्सना. दोनदा स्टॅनले कप जिंकलेली टीम (१९२६ आणि १९३५), १९३८ नंतर खेळलीच नाही, कुठे गेलीही नाही. त्याआधी मॉन्ट्रियल वाँडरर्स, जानेवारी १९१८ मध्ये त्यांचं अरीनाच जळलं आणि एनएचएलच्या पहिल्याच सीझनमधून ते बाहेर पडले. क्लीव्हलँड बॅरन्सना 'विलीन' म्हणा, १९७८ला ते मिनेसोटा नॉर्थ स्टार्समध्ये गेले. आपल्याकडची उदाहरणं घ्यायची तर मुंबईची महिंद्रा युनायटेड फुटबॉल टीम कंपनीने २०१० मध्ये संपवली, तिला 'विसर्जित' नीट बसतं, आणि २०१२ मध्ये बीसीसीआयने डेक्कन चार्जर्सचा करार रद्द केला तिथे 'बरखास्त'. हैदराबादला नंतर आलेली सनरायझर्स ही नवी फ्रँचायझी, बस्तान हलवून आलेली नव्हे, हा फरक मराठी पेपरांत बऱ्याचदा राहून जातो.

राहिला जिंकला-जिंकली-जिंकलेचा प्रश्न. आपण 'मुंबई इंडियन्स जिंकली' म्हणतो तेव्हा मनात 'टीम' असते, म्हणून स्त्रीलिंग. 'संघ' मनात असेल तर 'जिंकला'. पण व्हेलर्स हे माणसांचं अनेकवचन आहे, शिकारी, त्यामुळे मी 'व्हेलर्स जिंकले' लिहीन, आणि वर 'व्हेलर्स संघ' लिहिलं असेल तर 'जिंकला'. एका लेखात एकच ठेवा. तिथले जुने चाहते टीमला नुसतं 'द व्हेल' म्हणतात, ते मराठीत आणायचं तर 'व्हेल जिंकला' करा, आपला देवमासा पुल्लिंगी आहे.