बर्फातला फेर, पावसातला फेर

मिनियापोलिस,
२१ डिसेंबर

प्रिय ईरा,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री कार्यक्रमाहून परतताना तू गाडीत विचारलेस, "आई, रशियन लोक एवढ्या थंडीत झाडाभोवती फेर धरतात, मग आपले फेर दसऱ्यालाच का संपतात? आपल्याकडे हिवाळ्यात कुणीच नाचत नाही का?" रस्ता निसरडा होता आणि माझे सगळे लक्ष गाडीकडे होते, म्हणून "आपल्याकडे बर्फ नसतो ना" एवढे बोलून मी विषय मिटवला. ते उत्तर अगदीच चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे असे मला दोन दिवस वाटत राहिले. सावकाश वाच, आणि एखादा शब्द अडला तर विचार.

त्या सभागृहात शनिवारी बऱ्याच समाजांचे नाच झाले. मोंग मुलींनी त्यांच्या नववर्षाचा चेंडू झेलण्याचा खेळ दाखवला, आपल्या मुलांनी लेझीम केली. पण तुझ्या मनात राहिला तो रशियन खोरोवोद, म्हणजे हातात हात गुंफून, गाणे म्हणत, गोलाकार चालण्याचा नाच. ताश्कंदहून इथे आलेल्या त्या आजींनी तुला वर्तुळात घेण्याआधी तुझी गारठलेली बोटे आपल्या दोन्ही तळहातांत धरून ऊबदार केली, हे मी मागच्या रांगेतून पाहिले. मग दिवे मालवले आणि सगळी मुले ओरडली, "राज, द्वा, त्री, योलोच्का, गरी!" योलोच्का म्हणजे फरचे लहानसे झाड आणि गरी म्हणजे पेट, उजळ. दोनदा मुद्दामच काही झाले नाही, तिसऱ्या हाकेला झाड उजळले. ‘द्वा’ आणि ‘त्री’ ऐकताच तू वळून माझ्याकडे पाहिलेस, ते बरोबरच होते. आपले द्वि आणि त्रि त्यांचेच सख्खे भाऊ आहेत.

त्यानंतर लांब दाढीचा द्येद मरोज, म्हणजे थंडीचे आजोबा, आणि त्याची नात स्नेगुरोच्का आली. आजोबांसमोर कविता म्हटल्याशिवाय खाऊ मिळत नाही, असा त्यांचा नियम आहे. तुला रशियन कविता येत नव्हती, म्हणून तू भोंडल्याचे पहिले गाणे म्हटलेस, आणि ते म्हणताना तुझे पाय आपोआप फेराच्या तालावर हलू लागले. ते पाहून त्या आजी तुझ्याबरोबर हलू लागल्या. मला वाटते, तुझा प्रश्न तिथेच जन्मला.

आता उत्तराकडे येते, पण त्याआधी त्या झाडाची थोडी हकिगत सांगितली पाहिजे, कारण तू ते नाताळचे झाड समजलीस. रशियात पूर्वी नवे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असे. त्सार पहिल्या पीटरने १६९९ च्या डिसेंबरात हुकूम काढला की १७०० सालापासून वर्ष १ जानेवारीला सुरू होईल आणि लोकांनी दारांना फर, पाइन व ज्युनिपरच्या फांद्या लावाव्यात. घरात सजवलेले झाड ठेवण्याची जर्मन रीत मात्र एकोणिसाव्या शतकात पीटर्सबर्गहून पसरली, आणि ती तेव्हा नाताळचीच होती. क्रांतीनंतर धर्माविरुद्धच्या मोहिमेत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, ते झाड सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाले. पुढे २८ डिसेंबर १९३५ रोजी ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात पावेल पोस्तिशेव या नेत्याचे पत्र छापून आले की मुलांना झाड परत द्यावे, आणि ते परत आले, पण नववर्षाचे झाड म्हणून. म्हणूनच शनिवारच्या त्या वर्तुळात रशियन होते, युक्रेनी होते, कझाक होते, ज्यू होते आणि ताश्कंदच्या त्या मुसलमान आजीही होत्या. प्रत्येकाच्या बालपणात ते एकच झाड होते, आणि प्रत्येकाला त्याच्याभोवतीची गाणी पाठ होती.

यातली गंमत अशी की खोरोवोद हा मुळात हिवाळ्यातला नाच नाहीच. खेड्यांतल्या मुली तो वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, बर्फ वितळून गवत उगवल्यावर, गावाबाहेरच्या कुरणात धरत. त्रिमूर्तीच्या सणाला, म्हणजे ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास, बर्चच्या झाडाला फिती बांधून त्याच्याभोवती फेर धरला जाई. त्या वेळी पेरणी उरकलेली असे आणि गवताची कापणी सुरू व्हायची असे. हिवाळ्यात नाच होत ते घरात. नाताळपासून बाप्तिस्म्याच्या सणापर्यंतच्या साधारण बारा दिवसांना ते ‘स्व्यात्की’ म्हणतात. या दिवसांत संध्याकाळी सूत कातणेसुद्धा वर्ज्य मानले जाई, मुले घरोघर गाणी म्हणत फिरत आणि तरुण मंडळी अस्वल व बोकडाची सोंगे घेऊन दारोदार जात. शहरात झाड घरात आल्यावर कुरणातला फेर त्याच्याभोवती आला.

हे तुला इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की त्यात तुझ्या प्रश्नाची किल्ली आहे. माणसे फेर धरतात ती शेतातल्या कामाला फट पडते तेव्हा. रशियात ही फट पेरणी आणि कापणीच्या मध्ये एकदा पडते, आणि बर्फाने जमीन झाकली की मोठी सुट्टी मिळते. आपल्याकडे जमीन झाकतो तो पाऊस.

हे माझ्या आधी साडेपाचशे वर्षांपूर्वी एका रशियन माणसाने लिहून ठेवले आहे, आणि तेही आपल्या जुन्नरविषयी. अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी होता. तो होर्मुझहून जहाजाने चौलच्या बंदरात उतरला आणि सोबत एक घोडा घेऊन घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा तिथे बहमनी राज्य होते. तो दोन महिने जुन्नरात अडकून राहिला आणि त्याने नोंद केली की इथला हिवाळा त्रिमूर्तीच्या सणापासून सुरू झाला, आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता. ईरा, त्याने पावसाळ्याला हिवाळा म्हटले. त्याच्या भाषेत तो शब्द ‘झिमा’ असा आहे, आणि आपले हिम व हेमंत हे शब्द त्याच मुळातले आहेत. ज्या ऋतूत वाटा बंद होतात, व्यापारी थांबतात आणि माणसे घरात बसतात, तो त्याच्या लेखी हिवाळा. तो बर्फाने आला की पाण्याने, याने त्याला फरक पडला नाही. जो सण त्याच्या मुलखात बर्चभोवती फेर धरण्याचा, तोच इथे पावसाने कोंडून पडण्याचा पहिला दिवस ठरला. त्याचे स्मारक रेवदंड्याला आहे, चौलच्या शेजारीच. आपण मागच्या वेळी अलिबागला गेलो तेव्हा तिथून अगदी जवळून गेलो होतो, आणि मी गाडी थांबवली नाही याची मला आता हळहळ वाटते.

तर आपला हिवाळा म्हणजे श्रावण, असे धरून बघ. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगराकडच्या गावातली. ती सांगायची की आषाढात भाताची आवणी चालू असताना बायकांना मान वर करायला वेळ नसे, दिवसभर वाकून कमरेचा काटा ढिला होई, आणि पायांची बोटे चिखलाने कुजत. आवणी उरकली की खाचरात पाणी भरलेले असे, करायचे काही उरत नसे, आणि त्याच सुमाराला नागपंचमी येई. लेकी माहेरी येत. झाडाला झोके बांधले जात, आणि पाऊस उघडला नाही तर घराच्या ओसरीवरच फेर धरला जाई. ओसरी अरुंद असल्यामुळे फेराचे वर्तुळ लांबट होई आणि खांबापाशी एकेकीला तिरके होऊन जावे लागे, हे ती स्वतः उठून करून दाखवायची. मंगळागौरीच्या रात्री जागवून फुगडी, झिम्मा आणि पिंगा खेळणे, हेही त्याच ऋतूतले. बाहेर पाणी पडत असते, आत ऊब असते, आणि बायकांच्या हाताला त्या वर्षात पहिल्यांदा उसंत मिळालेली असते.

भोंडला थोडा पुढचा आहे. सूर्य हस्त नक्षत्रात असतो, पावसाचा शेवटचा जोर असतो, पीक उभे असते पण कापायला आलेले नसते. पाटावर हत्ती काढायचा तो या हस्ताच्या पावसाची आठवण म्हणून. बर्चभोवतीच्या फेरालाही तीच जागा मिळालेली होती, पीक उगवून आलेले आणि विळा अजून खुंटीवर. इथे आपण शाळेच्या व्यायामशाळेत सोयीच्या शनिवारी छापील हत्तीभोवती फिरतो, त्यामुळे हा संबंध तुला दिसला नाही, यात तुझा काही दोष नाही. तो मी आधीच सांगायला हवा होता.

दसऱ्यानंतर मात्र आमच्या भागात कामे अंगावर येतात. भात कापणी, मळणी, कांद्याची लागवड, ऊस, द्राक्षांच्या बागा. थंडीत जुन्नरात चांगलेच गारठते, पण पहाटे शेकोटीपाशी हात शेकून माणसे रानात जातात. फेर धरायला मोकळा हात कुणाचा?

आता "कुणीच नाही का" या तुझ्या शब्दांना माझा विरोध नोंदवते. पालघर जिल्ह्यात, डहाणू-जव्हारकडे, वारली लोक राहतात. त्यांची शेती पावसावरची. भात कापून झाले की काम संपते, आणि मग थंडीच्या रात्री तारपा नाच रंगतो. वाळवलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेले ते लांब वाद्य घेऊन तारपेकरी मध्ये असतो, आणि एकमेकांना धरून स्त्री-पुरुष त्याच्याभोवती फिरतात. त्याने सूर बदलला की सगळ्यांचे पाऊल बदलते, आणि त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. तुझ्या खोलीतल्या वारली चित्रात जो शंखासारखा गुंडाळत जाणारा माणसांचा फेर आहे, तो हाच. म्हणजे मराठी मुलखातही हिवाळ्यातला फेर आहे, आणि तो रोज रात्री तुझ्या उशाशी टांगलेला असतो.

एक गोष्ट राहिली. तू म्हणालीस, संक्रांत तर थंडीतलीच, मग तेव्हा तरी नाचायचे. संक्रांत भर कामाच्या दिवसांत येते, म्हणून तो हातावर तिळगूळ ठेवून पुढे जाण्याचा सण झाला, असे मला वाटते. पण त्या आजींनी निघताना मला सांगितले की १४ जानेवारीला त्यांच्याकडे ‘जुने नवे वर्ष’ असते. रशियाने १९१८ साली कालगणना बदलली तेव्हा तेरा दिवस गाळले गेले, त्यामुळे जुन्या पंचांगाचा वर्षारंभ आता तेरा दिवस उशिरा येतो, आणि लोक तोही साजरा करतात. आपली संक्रांतही अशीच सरकलेली आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरात, आणि आपण ते जानेवारीत साजरे करतो, कारण आपण ताऱ्यांवरून वर्ष मोजतो आणि तो हिशेब दर बहात्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे जातो. दोन वेगळ्या कारणांनी सरकत सरकत हे दोन दिवस एकमेकांशेजारी येऊन बसले आहेत.

मी त्यांना त्या संध्याकाळी आपल्याकडे बोलावले आहे. त्यांना जिना चढताना त्रास होतो, तेव्हा बसायची सोय खालच्या खोलीत करू आणि मधले टेबल भिंतीला लावू. तीळ घरात आहेत, चिक्कीचा गूळ मात्र आणावा लागेल. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे रशियनमध्ये कसे म्हणायचे, ते तू त्यांच्या नातीला विचारून ठेव.

तुझी,
आई