जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचा हातात धरून खेळायचा गेम करायचाय: मूळ बोर्ड ठेवू की रास्पबेरी पाय बसवू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या पेठेतला वाडा पुनर्विकासाला जाण्याआधी माळा रिकामा करताना लहानपणचा टीव्ही गेम सापडला, तो अजून चालतो, आणि त्याचाच बॅटरीवर चालणारा, हातात मावेल असा गेम करायचाय. प्रश्न एवढाच, की मूळ बोर्ड ठेवायचा की तो काढून रास्पबेरी पाय, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक, बसवायचा.

कॅसेटी शाबूत असतील तर मूळ बोर्डच ठेवा. त्या गेल्या असतील तर पाय घ्या, डोक्याचा ताप निम्मा होईल. पण कुठल्याही वाटेने गेलात तरी गेम चालवायचं अवघड काम कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय. तुमच्या वाट्याला उरते ती वीज: ती आणायची कुठून, वाटायची कशी आणि तिचा गोंगाट आवरायचा कसा. बहुतेक जण सुरुवात डब्यापासून करतात. सुंदर चित्र काढतात, बटणांचे रंगही ठरवतात आणि बॅटरी शेवटी कोंबायला जातात. ती मावत नाही.

आधी हातात काय आहे ते बघा. आपल्याकडे घरोघरी असलेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. २ केबी रॅम, १.७९ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ बाय २४० ठिपक्यांचं चित्र, एवढ्यावर मारिओ धावायचा. तुमच्या गेमचे रिमोट मागून थेट आत गेलेल्या वायरीने कायमचे जोडलेले असतील आणि दुसऱ्या रिमोटवर छोटा माइक असेल, तर तो अस्सल जपानी फॅमिकॉम असू शकतो. मग पेचकस खाली ठेवा आणि तो तसाच जपा. रिमोट नऊ पिनांच्या प्लगने निघत असतील तर नक्कल आहे, बिनधास्त उघडा.

आत दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एकतर चाळीस-चाळीस पायांच्या दोन मोठ्या चिपा आणि त्यांच्या भोवतीची पिलावळ, किंवा डांबर सांडल्यासारखा एक काळा ठिपका. पहिल्या प्रकारात प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या असतात. त्यांवर यूएमसी कंपनीचे यूए६५२७, यूए६५३८ असे क्रमांक सापडले तर नकलांमधला जुना, जरा बऱ्यापैकी माल समजा. दुसऱ्या प्रकारात अख्खा गेम त्या एका ठिपक्याखाली असतो. पोर्टेबलसाठी हा दुसरा बोर्ड सोयीचा, कारण तो लहान असतो आणि वीजही कमी खातो. फक्त ठिपक्याच्या आसपास करवत चालवू नका.

आता वीज. तुमचा गेम बहुधा ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, पण बोर्डाला हवे असतात ५. मधे ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने घट्ट बसवलेला. वरचे ४ व्होल्ट तो निव्वळ उष्णता करून उडवतो, म्हणजे आत आलेल्या विजेतला चव्वेचाळीस टक्के भाग वाया. भिंतीच्या प्लगला याचं काही वाटत नाही, बॅटरीला वाटतं. म्हणून पहिलं काम हे: ७८०५ काढा आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या पायाच्या जागी थेट ५ व्होल्ट द्या. सोल्डरच्या एवढ्या एका डागाने खेळायचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि आतली गरम होणारी मुख्य वस्तूही जाते.

मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून, कॅसेट घालून, गेम चालू असताना बोर्ड किती करंट खातो ते मोजा. स्क्रीन आली की तिचा वेगळा मोजा. समजा दोन्ही मिळून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर आला, तर ते झाले अडीच वॉट. २६०० मिलीअँपिअर-तासाचा एक १८६५० मापाचा गोल लिथियम सेल घेतलात तर त्यात ३.७ व्होल्टच्या हिशोबाने साधारण ९.६ वॉट-तास असतात. सेलचे ३.७ चे ५ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर पंधरा टक्के तरी खाईल. उरले आठ. म्हणजे तीन तासांच्या वर खेळता येईल, आणि दोन सेल समांतर जोडले तर सहा. डब्याचं माप या आकड्यावरून ठरतं.

हा हिशोब मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. सेगाने १९९५ मध्ये आपल्या मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेमचं हातातलं रूप काढलं, नोमॅड नावाने. तो सहा पेन्सिल सेल घ्यायचा आणि दोन-तीन तासांत संपवायचा. त्यामानाने आज तुमचं नशीब चांगलं आहे. लिथियम सेल स्वस्त आहेत आणि स्क्रीनला मागून ट्यूब लागत नाही. अमेरिकेतल्या बेंजामिन हेकेंडॉर्नने अटारी २६०० हातात मावेल असा करून दाखवला, तेव्हापासून जगभर लोक हा उद्योग करताहेत, त्यामुळे अडलात तर विचारायला माणसं आहेत.

सेल नवीन घ्या, चांगल्या कंपनीचे आणि ओळखीच्या दुकानातून. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल ढिगाने मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं दिसलं तर हसून पुढे जा, या मापाच्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजारांच्या पुढे फारसं काही मावत नाही. सेलला थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा किंवा पट्टी जोडलेला सेल मागा. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल पुरे, पण घेताना सहा टोकांचं घ्या, ज्यावर बॅटरीची आणि बाहेर जाणारी टोकं वेगळी असतात. त्यावरची डीडब्ल्यू०१ चिप सेल फार खाली उतरू देत नाही आणि शॉर्ट झाल्यास तोडते. चार टोकांच्या मॉड्यूलवर ती नसते. चार्जिंगला लावलं की गेम बंद, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. करंट दहाव्या हिश्श्यावर उतरला की सेल भरला असं ते मॉड्यूल समजतं. गेम चालू असेल तर करंट उतरतच नाही आणि ते चार्ज करत राहतं.

स्क्रीनच्या बाबतीत एकच सांगणं: चौकोनी घ्या. गाडी मागे घेताना बघायच्या ४.३ इंची स्क्रीन सहज मिळतात, पण त्या रुंद असतात आणि मारिओ बुटका, जाडा दिसतो. साडेतीन इंची, ३२० बाय २४० ची, पिवळ्या पिनेचा व्हिडिओ घेणारी स्क्रीन शोधा. मूळ चित्रच २५६ बाय २४० आहे, याहून भारी स्क्रीनला दाखवायला काही नाही. या स्क्रीनवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण पुष्कळशा आत स्वतःच ते ५ किंवा ३.३ वर उतरवतात. टेबलावर ५ व्होल्ट देऊन बघा, काही तशाच चालतात. चालली नाही तर आतल्या उतरवणाऱ्या चिपच्या पलीकडे, जितके मोजून निघतील तितकेच व्होल्ट द्यावे लागतात. चित्र आलं पण रंग आला नाही, तर स्क्रीन खराब म्हणून परत करायला धावू नका. भारतातले टीव्ही पाल या रंगीत सिग्नलच्या पद्धतीचे, त्यामुळे इथे विकलेले गेमही बहुतेक त्याच पद्धतीचे, आणि स्क्रीन एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीवर अडकली असेल तर काळं-पांढरं दिसतं.

व्हिडिओ कुठून काढायचा? मागे पिवळी-पांढरी भोकं असतील तर तिथूनच. फक्त अँटेनाची वायर असेल तर ती ज्या पत्र्याच्या डबीतून निघते तो मॉड्युलेटर. त्यात सहसा ५ व्होल्ट, ग्राउंड, व्हिडिओ आणि ऑडिओ अशी चार टोकं जातात. शेवटची दोन तिथेच पकडा आणि डबी काढून टाका, जागा सुटते.

आवाज हा या कामातला सगळ्यात चिवट भाग, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पीएएम८४०३ चा छोटा अँप्लिफायर ५ व्होल्टवर छान चालतो, पण स्पीकरची दोन्ही टोकं तो स्वतः हलवतो, त्याचं उणे टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. ते ग्राउंडला टेकवू नका. हेडफोनच्या जॅकला ग्राउंड लागतंच, म्हणून हेडफोन अँप्लिफायरच्या आधीच्या ओळीवरून काढा, मधे व्हॉल्यूम ठेवून. आणि सगळं जोडल्यावर स्पीकरमधून जी गुणगुण येते, ती बहुतेकदा बूस्ट कन्व्हर्टर आणि स्क्रीनच्या मागच्या दिव्याची. बोर्ड, स्क्रीन आणि अँप्लिफायर यांचे ग्राउंड एकापाठोपाठ एक न जोडता तिन्ही थेट कन्व्हर्टरच्या उणे टोकावर आणा. स्क्रीनच्या पायथ्याशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तरी गुणगुण उरली तर आवाजाची वायर कन्व्हर्टरपासून लांबून फिरवा. यात एखादी संध्याकाळ जाणार हे धरून चला.

रिमोटमध्ये फार बुद्धी लावू नका. आठ बटणं, एक छोटी चिप आणि बोर्डाकडे जाणाऱ्या पाच वायरी, एवढाच मामला. जुन्याच रिमोटचा बोर्ड आणि कार्बनची रबरं घ्या, हाताची सवय त्याच दाबाची आहे. बोर्ड लांब पडला तर मधून कापून वायरींनी जोडता येतो, फक्त चिप एका बाजूला पूर्ण राहिली पाहिजे. कॅसेटचा साठ पिनांचा स्लॉट मात्र जागचा हलवावा लागतोच, नाहीतर डबा विटेएवढा होतो. त्यासाठी जुन्या हार्ड डिस्कची ऐंशी तारांची चपटी केबल उत्तम. जुन्या बाजाराचा खरा उपयोग इथे. जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा, आणि प्रत्येक तार जोडली की शेजारच्या पिनेशी शॉर्ट नाही ना, हे लगेच तपासा. साठही जोडून मग तपासायला बसलात तर रात्र सरेल.

सुटे भाग पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत मिळून जातात. एक रेझिस्टर मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघेल, त्यापेक्षा दहा घ्या. डब्यासाठी तिथेच वायरिंगचे एबीएस प्लॅस्टिकचे बॉक्स मिळतात, पहिल्या खेपेला तेच बरे. थ्री-डी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लॅस्टिक नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी घ्या.

पायबद्दल थोडक्यात. झिरो २ डब्ल्यू हा ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला, ५१२ एमबी रॅमचा बोर्ड फॅमिकॉमला पुरून उरतो. गेम हवा तिथे साठवता येतो, हे मोठं सुख. पण स्विच लावला की आधी तो सुरू होण्याची वाट बघायची, आणि खटकन बंद केलात तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. म्हणून बंद करायचं वेगळं बटण करावं लागतं. हेडफोनचं भोकही नाही. मूळ बोर्डाला स्विच लावला की चित्र हजर असतं, आणि मला तरी तेच हवं असतं. निन्टेन्डो ६४ वगैरे पुढच्या खेपेला. त्याचा अडॅप्टर ३.३ आणि १२ असे दोन वेगळे व्होल्ट देतो, ते डोकं आत्ता नको.

गेमसोबतची बंदूक सापडली असेल तर ती या डब्याला जोडण्याच्या फंदात पडू नका. ती जुन्या ट्यूबच्या टीव्हीवरचा प्रकाश बघून नेम ठरवते, एलसीडीवर एकही बदक पडणार नाही.

बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आणि मल्टिमीटरने मोजलेला करंट इथे टाका. ७८०५ कुठला, मॉड्युलेटरची कुठली टोकं पकडायची आणि एक सेल पुरेल की दोन, हे त्यावरून सांगता येईल. तोवर स्क्रीन विकत घेऊ नका.